नळ्यांवरचं छप्पर

सकाळी सव्वासातला ताउनो कोतिलाला जाग आली ती नाकाचा शेंडा गार पडला म्हणून. या घरात नाकाचा शेंडा गार पडला की समजावं, घर तापवणारी तळघरातली भट्टी गेली. तरी तो जिना उतरून खाली आला आणि थर्मोस्टॅटला डोळे लावून उभा राहिला. फॅरनहाइटचे छप्पन्न अंश.

"मेली! पुन्हा मेली, रांडेची!" तो रिकाम्या घरात ओरडला. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीसुद्धा ताउनोचा आवाज खाणीत होता तेवढाच खणखणीत होता. खाण बंद पडून तीस वर्षं झाली, माणसं पांगली, पण आवाज काही खाली आला नाही.

आणि आज ओरडायला कारणही तसंच होतं. आज गुरुवार. दहा वाजता दवाखान्यातून नर्स ट्रेलोअरबाई घर बघायला यायच्या होत्या. लेम्पी, म्हणजे ताउनोची बायको, गेले पाच आठवडे दवाखान्यात पडून होती. डिसेंबरात भट्टी दुसऱ्यांदा बंद पडली तेव्हा ती रात्रभर वरच्या मजल्यावर गारठली आणि सकाळी तिच्या छातीत कफ भरला. न्यूमोनिया. आता बरी होती, पण डॉक्टरने स्पष्ट सांगून ठेवलं होतं: निजायच्या खोलीत पारा अडुसष्टच्या खाली जाता कामा नये. तसं घर असेल तर उद्या शुक्रवारी घरी सोडतो, नसेल तर शंभर मैलांवरच्या वृद्धाश्रमात खाट मोकळी आहे. त्या वृद्धाश्रमात गेलेलं एकही माणूस खाणीच्या वस्तीत परत आलेलं ताउनोला आठवत नव्हतं. बावन्न वर्षांचा संसार, आणि तो आता एका पाऱ्यावर येऊन ठेपला होता.

खालच्या मजल्यावर बिछाना हलवावा म्हटलं तर न्हाणीघर वर. लेम्पीला जिन्याची चढउतार करवत नव्हती. म्हणजे जे काही व्हायचं ते वरच.

ताउनोने फोन उचलला आणि नंबर फिरवला.

"पेल्कोला हीटिंग," पलीकडून रूथ पेल्कोला म्हणाली.

"तुझी भट्टी मेली."

"सुप्रभात, ताउनो."

"कसलं सुप्रभात! दहा वाजता नर्स येतेय. त्याआधी चालू झाली नाही ना, तर ते डबडं उपटून तुझ्या दारात टाकीन आणि गावभर सांगीन."

"गावभर सांगायचं काही शिल्लक आहे का अजून?" एवढं बोलून तिने फोन ठेवला.

खरंच शिल्लक नव्हतं. नोव्हेंबरापासून को-ऑपच्या दुकानात, पोस्टात, चर्चच्या तळघरात रविवारच्या कॉफीला, जिथे चार माणसं भेटतील तिथे ताउनोने रूथच्या नावाने खडे फोडले होते. बाईमाणसाने भट्टी बसवली की असंच व्हायचं. बाप बरा होता, पोरीला अक्कल नाही. चाळिशीची झाली तरी पान्हा कसा धरावा कळत नाही. असलं बरंच काही. उचलली जीभ लावली टाळ्याला! लोक कॉफीत पाव बुडवत ऐकायचे, हं हं करायचे, आणि घरी जाऊन आपल्या भट्टीसाठी दुसऱ्या माणसाला फोन करायचे.

जुनी भट्टी ताउनोला प्यारी होती. त्याच्या बापाने बसवलेली, ओतीव लोखंडाची, आधी कोळशावर चालायची, मग तेलावर आली. तिला धुराडं होतं आणि तिचं पोट तापलं की तळघरात सदरा काढावा लागे. ऑक्टोबरात डेट्रॉइटला राहणाऱ्या मुलीने हट्ट धरला, बाबा, गॅसची घ्या, कमी खर्चात दोन्ही मजले गरम होतील. रूथने ती बसवली. पांढरा पत्र्याचा डबा, आणि धुराडं म्हणून काय, तर प्लॅस्टिकच्या दोन नळ्या, तळघराच्या दाराशेजारी भिंतीतून बाहेर काढलेल्या! प्लॅस्टिकच्या! ताउनोने तेव्हाच कपाळावर हात मारला होता.

"या नळ्यांच्या तोंडात बर्फ जाऊ देऊ नका," रूथ जाताना म्हणाली होती. "बाकी कशालाही हात लावू नका."

ताउनोने त्यातलं पहिलं वाक्य ऐकलं.

नोव्हेंबराच्या मध्यावर तो दरवर्षी घराला शेकोटीला बसवल्यासारखं गुंडाळायचा. त्याच्या बापाने तेच केलं, आजोबाने फिनलंडात तेच केलं. पायाच्या दगडांना चहूकडून पेंढ्याचे गठ्ठे लावायचे, बर्फ पडला की तो फावड्याने गठ्ठ्यांवर चढवायचा, थोपटून थोपटून खिडकीच्या चौकटीपर्यंत आणायचा. मग खालून वारा शिरत नाही. वस्तीतली सगळी जुनी घरं थंडीत अशीच कंबरेपर्यंत पुरलेली दिसतात, आणि ज्याच्या घराला बांध नाही त्याला लोक आळशी म्हणतात. यंदाही ताउनोने बांध घातला. नळ्यांपाशी आल्यावर त्याला रूथचे शब्द आठवले. बर्फ जाऊ देऊ नका. मग त्याने मेहनत घेऊन नळ्यांवर चार फळ्यांचं छप्पर केलं, कुत्र्याला करतात तसं, बाजूला दोन गठ्ठे, पुढ्यात एक गठ्ठा. थंडी फार वाढली की वरून बर्फाचा थर. एक कण आत जायची बिशाद नव्हती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, पण बैल रिकामा आहे हे त्याला सांगणार कोण?

कारण रूथ यायच्या वेळी ते छप्पर तिथे नसायचंच. दोन्ही वेळा, नोव्हेंबरात आणि डिसेंबरात, रूथ अमुक वाजता येते म्हणाली की ताउनो फावडं घेऊन बाहेर पडायचा आणि तळघराच्या दारापर्यंत वाट साफ करायचा. माणूस कितीही नावडता असो, घराकडे येणाऱ्याला बर्फातून चालत यायला लावायचं नाही, ही इथली रीत. वैऱ्यालासुद्धा वाट करून द्यायची, मग दारात उभं करून शिव्या द्यायच्या. वाट करायची तर पुढला गठ्ठा बाजूला, छप्पर बाजूला, आणि हाताशी झाडू आहे तर नळ्यांची तोंडंही झटकून स्वच्छ. मग रूथ यायची, भट्टी सुरू करायची, ती पहिल्या झटक्यात पेटायची. रूथ दोन तास डोकं खाजवायची, काहीतरी पुसायची, काहीतरी बदलायची आणि जायची. ताउनो तिच्या पाठीमागे दार आपटायचा आणि पुन्हा गठ्ठे लावायचा, गेल्या खेपेपेक्षा जास्त घट्ट. घर गार पडलं होतं ना!

आज मात्र फोन ठेवून तो बूट चढवतोय, टोपी शोधतोय, तोवर दारात गाडी थांबल्याचा आवाज आला. रूथ चर्चच्या गोठलेल्या नळांसाठी मागच्याच गल्लीत आली होती, फोनही तिने तिथूनच घेतला होता. तिला इथे पोचायला चार मिनिटं लागली.

ताउनो फावडं घेऊन धावत बाहेर आला. "थांब, थांब! वाट केली नाही अजून!"

"मला पाय आहेत," रूथ म्हणाली, आणि मांडीपर्यंत बर्फात रुतत घराला वळसा घालून तळघराच्या दाराकडे गेली. ताउनो मागोमाग. दारापाशी पोचून ती थांबली ती थांबलीच. हातातली पेटी तिने बर्फात ठेवली.

"हे काय आहे?"

"काय म्हणजे? बांध."

"हे. इथे. माझ्या नळ्या कुठायत?"

"छपराखाली," ताउनो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात अभिमान होता. "तूच म्हणालीस ना बर्फ जाऊ देऊ नका? घाल हात. एक कण सापडला तर नाव बदलीन."

रूथने पुढल्या गठ्ठ्याला लाथ घातली. गठ्ठा हलला नाही, गोठला होता. दुसरी लाथ घातली तेव्हा तो निखळला आणि आतून कोमट, ओलसर वाफ आली. नळीच्या तोंडावर मुठीएवढा बर्फाचा गोळा जमला होता, आतल्याच वाफेचा.

"ही वरची नळी धूर बाहेर टाकते," रूथ म्हणाली. ती हळू बोलत होती, आणि हळू बोलणारी रूथ ओरडणाऱ्या रूथपेक्षा वाईट. "ही खालची बाहेरची हवा आत घेते. तुम्ही दोन्हींची तोंडं एका खोपटात कोंबलीत. एकीनं टाकलेलं दुसरीनं ओढायचं. भट्टीला श्वास मिळेना, म्हणून ती स्वतःच बंद होते. बंद होते म्हणून तुम्ही जिवंत आहात. जुनी असती तर त्या विषारी धुरानं केव्हाच झोपेत खपला असता."

"काहीतरी सांगू नकोस! मग तू आलीस की कशी चालते?"

"मी आले तेव्हा हे इथं नव्हतं."

"असेल कसं? तू येणार म्हणून मी वाट साफ करायचो."

रूथने बुटाने छपराची फळी हलवून पाहिली.

"सगळं बाजूला काढायचो," ताउनो म्हणाला, पण आता आवाज खाली आला होता. "गठ्ठे त्या लाकडांच्या खोपीत लावायचो."

"आणि मी गेल्यावर?"

ताउनोने फावडं भिंतीला टेकवलं. त्याला एकदम खाली बसावंसं वाटलं, पण बसायला त्या गठ्ठ्याशिवाय काही नव्हतं. डिसेंबरातली ती रात्र त्याच्यासमोर आली. भट्टी पहिल्यांदा बिघडली म्हणून त्याने दुसऱ्या वेळी बांध दीड फूट वाढवला होता. घाम गाळून वाढवला होता. लेम्पी वरून खिडकीतून म्हणाली होती, पुरे आता, ये आत, कॉफी गार होतेय. म्हणजे तिच्या छातीत जी थंडी शिरली ती याच दोन हातांनी घातली.

"तीन महिने," रूथ म्हणाली. "तीन महिने माझं वाटोळं केलंत गावात. माझ्या बापाचं नाव लावलेली गाडी आहे ती. थंडीत चार भट्ट्यांची कामं गेली हातची."

"मला काय माहीत!"

"माहीत नव्हतं तर तोंड बंद ठेवायचं होतं!"

"तू नीट सांगायला हवं होतंस! बांध घालू नका म्हणून!"

"बांध घालू नका म्हणून सांगायचं? मी काय ज्योतिषी आहे का, कुणी नळीवर खोपटं बांधेल हे स्वप्नात यायला?" मग तिने तोंड फिरवलं. "सांगायला हवं होतं. वस्तीतली आहे मी. बांध घालणार हे मला कळायला हवं होतं. जाऊ दे. किती वाजले?"

"साडेसात."

"फळ्या उचला."

त्यानंतरच्या अडीच तासांत ती दोघं एकमेकांशी जेवढं गरजेचं तेवढंच बोलली, आणि तेही दातओठ चावून. रूथने किटलीभर गरम पाण्याने नळीतला बर्फ वितळवला, तळघरात जाऊन भट्टीचं झाकण काढलं, आतली ज्योत ओळखणारी सळई पुसली आणि बटण दाबलं. पंखा गरगरला. मग टिक टिक टिक, आणि फुस्स करून निळ्या ज्योतींची रांग लागली. ताउनोला ती ज्योत बघून आनंद झाला आणि त्या आनंदाचाही राग आला.

"बारा अंश चढवायचेत," तो म्हणाला. "बाहेर शून्याखाली दहा आहे. कसे चढायचे?"

"चला वर."

वर मुलांच्या दोन खोल्या वीस वर्षं रिकाम्या. त्यांची दारं लावलेली, गरम हवा वर सोडणाऱ्या जमिनीतल्या जाळ्या घट्ट बंद केलेल्या.

"हे कुणी केलं?"

"मी. रिकाम्या खोल्या कशाला तापवायच्या? गॅस फुकट येतो का?"

"जाळ्या बंद करून गॅस वाचत नाही. सगळी हवा उरलेल्या नळांतून जायला बघते, आणि भट्टी आतल्या आत तापून धापा टाकते." रूथने सगळ्या जाळ्या उघडल्या. मग लेम्पीच्या खोलीत शिरली आणि भिंतीशी लावलेल्या मोठ्या पेटाऱ्यापाशी थबकली. "याच्यामागे काय आहे?"

"जाळी. ती गार वारा ओढते, लेम्पीच्या पायाला लागतो."

"तीच तर परतीची जाळी! या खोलीतली गार हवा तिच्यातून खाली भट्टीकडे जाते. गार हवा खाली गेली नाही तर गरम वर येईल कशी? भरलेल्या घागरीत पाणी ओतताय तुम्ही." तिने पेटाऱ्याला खांदा लावला. "धरा तिकडून. धरा म्हणते!"

ताउनोने धरलं. पेटारा लग्नातला, ओकचा. दोघांनी ढकलत तो दाराआड नेला. मग रूथ खाली गेली, तळघरातल्या पत्र्याच्या नळांवरच्या मुठी फिरवून खालच्या मजल्याची हवा निम्मी केली आणि सगळा जोर वर लावला. थर्मोस्टॅट बघून तर तिने डोक्यालाच हात लावला, कारण ताउनो रात्री पारा साठवर उतरवायचा आणि सकाळी बहात्तरावर चढवायचा.

"या थंडीत दोन मजल्यांचं घर असं नाचवायचं नाही," ती म्हणाली. "एका जागी ठेवायचं आणि विसरून जायचं. जिन्याचं दार बंद ठेवा, नाहीतर खालची ऊब सगळी जिन्यातच गोळा होते. आणि थर्मोस्टॅटला हात लावलात तर बोटं तोडीन."

"माझं घर आहे."

"बायको तुमची आहे. ती येणार की नाही ते बघा आधी."

पावणेदहाला लेम्पीच्या खोलीत सहासष्ट होते. दोघं पलंगाच्या दोन बाजूंना उभी राहून पाऱ्याकडे बघत होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

नर्स ट्रेलोअरबाई दहाला दोन मिनिटं कमी असताना आल्या. बुटांवरचा बर्फ झटकत वर चढल्या, आपला थर्मामीटर लेम्पीच्या उशीवर ठेवला आणि हातमोजे काढून बसल्या. इकडचंतिकडचं बोलल्या. मग चष्मा लावला. सदुसष्ट आणि थोडं. त्यांनी आणखी पाच मिनिटं थांबायचं ठरवलं, आणि ताउनोच्या कपाळावर घाम आला.

"अडुसष्ट," त्या शेवटी म्हणाल्या. "बरं. आता हे सांगा, भट्टी बंद कशामुळे पडत होती? मला इथं लिहावं लागतं. यंत्राचा दोष की वापरणाऱ्याचा?"

"त्यानं काय फरक पडतो?" ताउनोने विचारलं.

"फार पडतो, मिस्टर कोतिला. यंत्र दुरुस्त होतं. माणूस दुरुस्त होत नाही. गेल्या महिन्यात त्या पलीकडच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यानं घर गरम करायला ओव्हनचं दार उघडं ठेवलं. त्याच्या बायकोला आम्ही घरी सोडलं नाही. अशा माणसाच्या भरवशावर आजारी बाई सोपवता येत नाही."

रूथ खिडकीपाशी उभी होती. खिडकीखाली बर्फात फळ्या आणि गठ्ठे तसेच पडलेले होते. ट्रेलोअरबाईंनी दोन पावलं टाकली असती तर त्यांनाही दिसले असते.

"यंत्राचा," ताउनो म्हणाला. "आतला एक भाग खराब होता. हिनंच बसवलेला. आज सापडला."

बोलून झाल्यावर त्याला आपलाच आवाज ऐकू आला.

"खरं आहे का?" ट्रेलोअरबाईंनी रूथला विचारलं.

रूथने ताउनोकडे पाहिलं. त्या नजरेत एवढा तिरस्कार होता की ताउनोने डोळे खाली घातले. मग तिने पलंगाकडे पाहिलं. लेम्पीचा गाऊन घडी करून उशाशी ठेवला होता, आणि त्यावर तिचा चष्मा.

"हो," रूथ म्हणाली. "माझा भाग खराब होता. आज बदलला."

"तीन महिने लागले तुला? अगं, जीव गेला असता तिचा!" ट्रेलोअरबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "माझी बहीण वसंतात तुझ्याकडून भट्टी बसवून घेणार होती. बरं झालं मी स्वतः आले ते."

रूथ खिडकीतून खालच्या गठ्ठ्यांकडे बघत राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर शेजारीच उभा!

बाई गेल्यावर रूथने पेटी आवरली. ताउनो स्वयंपाकघरात गेला आणि त्याने कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलं, वेलदोड्याचा पाव कापला. कोतिलांच्या घरातून, किंबहुना या वस्तीतल्या कुठल्याही घरातून, कॉफी न घेता कुणी जात नाही. रूथ त्याच्यासमोरून दाराकडे गेली.

"कॉफी," ताउनो म्हणाला.

"नको."

"रूथ, मी..."

"आभार मानलेत तर हा पान्हा डोक्यात घालीन. लेम्पीला घरी यायचंय म्हणून गप्प बसले. तुमच्यासाठी तुमच्या कुत्र्यालाही पाणी पाजणार नाही."

तिने दार आपटलं नाही, हळूच ओढून घेतलं. ताउनो दोन कपांपुढे बसून राहिला. कॉफी प्यायली नाही.

शुक्रवारी दुपारी दवाखान्याच्या गाडीतून लेम्पी आली. दोन माणसांनी तिला खुर्चीत बसवून जिना चढवला. ती अर्धी झाली होती, पण जीभ तशीच होती. पेटारा कुणी हलवला, पडदे का धुतले नाहीत, हे सगळं तिने जिन्यातच विचारून घेतलं. पलंगावर टेकल्यावर तिने हात पलंगालगतच्या भिंतीतल्या, गरम हवा सोडणाऱ्या जाळीवर धरला. ऊब येत होती.

"गरम आहे," ती म्हणाली. "देवाची कृपा. कशी काय चालायला लागली?"

"भाग बदलला."

"ट्रेलोअरबाई सांगत होती. त्या पेल्कोलाच्या पोरीनं खराब भाग बसवला म्हणे." लेम्पी उशीला टेकली. "ताउनो, मी तिथं पडल्या पडल्या काय करायची ठाऊक आहे? रात्री प्रार्थना करायला हात जोडायची आणि त्या पोरीला शाप द्यायची. रोज. म्हणायची, हिच्या घरात कधी ऊब मिळू नये. देवापुढं असलं बोलले मी. आणि आज या खोलीत आल्यावरही वाटतंय, बरंच केलं."

ताउनो तिची पिशवी उघडत होता. त्याचे हात थांबले. त्याला वाटलं, बोलू नये. नर्सबाई गेल्या, कागद गेला, लेम्पी समोर बसली आहे, खोलीत सत्तर अंश आहेत. यापेक्षा माणसाला काय हवं? गप्प बसलं की झालं, बसली तशी ती बसून राहील. पण पाच आठवडे ही बाई भलत्याच माणसाला शाप देत होती, आणि शाप ज्याला जायचा तो इथे, तिच्या पायाशी वाकून पिशवीची साखळी ओढत होता.

"तिला देऊ नकोस," तो म्हणाला.

"काय?"

"शाप. तिनं काही केलं नाही. मी नळ्यांवर छप्पर केलं होतं. बांधाच्या आत. भट्टीला हवा मिळेना. ती यायची तेव्हा मी काढून ठेवायचो, म्हणून तिला सापडलं नाही. ती गेली की परत लावायचो." त्याला थांबता येईना. "तुझ्या छातीत जे झालं ते मी केलं. नर्सबाईंना खोटं सांगितलं, नाहीतर त्यांनी तुला सोडलं नसतं. रूथनं माझं खोटं आपल्या डोक्यावर घेतलं."

लेम्पीने जाळीवरचा हात काढून मांडीवर घेतला.

"ती पिशवी उघडू नकोस," ती म्हणाली.

"लेम्पी..."

"बंद कर. आहे तशी दाराशी ठेव." तिचा आवाज चिरका झाला होता. "गारठून मेले नाही मी, ताउनो. आता दुसऱ्याच्या पोरीच्या नावावर ऊब खात मरू? खाली जा. आधी तिला फोन कर. मग त्या बाईला कर. आणि होईपर्यंत वर येऊ नकोस, मला तुझं तोंड बघायचं नाही."

"नेतील तुला परत."

"नेऊ दे! मी काय म्हणाले?"

ताउनो पिशवी दाराशी ठेवून खाली आला. खालच्या मजल्यावर गारठा होता. त्याने रूथचा नंबर फिरवला.

"आता काय बंद पडलं?" रूथ म्हणाली.

"काही नाही. लेम्पीला सांगितलं मी. सगळं."

पलीकडे कुणीतरी हातोडीने काहीतरी ठोकत होतं, ते थांबलं. "काय म्हणाली?"

"पिशवी उघडू नकोस म्हणाली."

"मी तुमची समजूत घालणार नाही," रूथ म्हणाली.

"नकोच घालू," ताउनो म्हणाला आणि फोन ठेवला. लगेच पुन्हा उचलला, कारण थांबलो तर आपण करणार नाही हे त्याला ठाऊक होतं. दवाखान्यातल्या मुलीने त्याला थांबायला सांगितलं. वर लेम्पीची चाहूल नव्हती. मग ट्रेलोअरबाईंचा आवाज आला.

"नर्सबाई, मी ताउनो कोतिला. तो कागद बदलायचाय," तो म्हणाला. "यंत्र लिहिलंय ना तुम्ही, तिथं माझं नाव लिहा."